बाईंच्या बोटीतला पठाण

संपादकसाहेबांचा फोन आला तेव्हा मी काळाचौकीत आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये अडकलो होतो. दोन तास. बायको म्हणते दहा मिनिटं, पण ती बाहेर उभी होती, तिला काय कळणार! साहेब म्हणाले, "मेस्त्री, जुन्या शिडाच्या बोटी दुरुस्त करण्यात तुमचा जन्म गेला. दिवाळीला काहीतरी द्या आम्हाला. फक्त खरं लिहा." शेवटच्या तीन शब्दांवर त्यांनी जरा जास्तच जोर दिला. माझ्याविषयी त्यांच्याकडे कोणीतरी आधीच बोललेलं दिसतंय.

तर खरं लिहितो. मी आयुष्यात चाळीस जुन्या बोटी पुन्हा पाण्यावर आणल्या. माझा जोडीदार गुणाजी अकरा म्हणतो. गुणाजीला मोजता येतं, एवढा एक दोष सोडला तर माणूस सोन्यासारखा.

आमची कामाची जागा रे रोडच्या पलीकडे, दारूखान्यात. कधीकाळी तिथे तोफांची दारू ठेवत म्हणून ते नाव. पण हे माझ्या लग्नाच्या वेळी कोणी सांगितलं नाही. "मुलगा काय करतो?" या प्रश्नाला माझ्या काकांनी "दिवसभर दारूखान्यात असतो" असं अभिमानाने उत्तर दिलं आणि सासरे चहा तसाच ठेवून उठले. पुढे जमलं कसंबसं. अजूनही सासुरवाडीला गेलो की एक मेव्हणा माझ्या जवळ येऊन हळूच वास घेतो.

आता धंदा सांगतो. लाकडी बोट म्हणजे कपाट नव्हे. कपाट मोडलं तर कपडे खाली पडतात, बोट मोडली तर माणसं. माणसाला असतो तसा बोटीला कणा असतो, त्यावर बरगड्या, बरगड्यांवर फळ्या. दोन फळ्यांमधल्या फटीत सुती दोरा ठासायचा, वर लुकण भरायचं. हे ठासण्याचं काम गुणाजीचं. दोरा सैल राहिला तर पाणी आत येतं, जास्त ठासला तर फळीच उसवते. चाळीस वर्षं त्याने तो अंदाज कानाने घेतला. हातोडीचा आवाज बदलला की थांबतो. बायकोचा आवाज बदलला तर मात्र त्याला कळत नाही, असं त्याची बायको म्हणते.

खरी गंमत लाकडात नसते, मालकात असते. मुंबईतल्या प्रत्येक जुन्या शिडाच्या बोटीवर कोणीतरी बडा माणूस बसून गेलेला असतो. एका मालकाने मला सांगितलं, या बोटीवर अमुक संस्थानचे राजेसाहेब आंघोळीचा टब घेऊन फिरत. मी टब शोधला. सापडला! त्यात मालकाच्या रखवालदाराने मेथी लावली होती. दुसऱ्या एका बोटीची डोलकाठी मुळापासून कापलेली होती. चौकशी केली तर कळलं, पूर्वीचा मालक सिनेमातला नायक होता आणि फोटोत ती काठी त्याच्या डोक्यातून उगवल्यासारखी दिसायची. शिडाची बोट, आणि काठी नाही! तो गृहस्थ आठ वर्षं तिच्यावर धक्क्यालाच बसून होता, पांढरी टोपी घालून.

अशा मालकांना बोट नको असते, गोष्ट हवी असते. आणि मला देवाने हाताला जेवढी धार दिली त्याच्या दुप्पट जिभेला दिली. इथेच सगळा घोटाळा झाला.

तीन वर्षांपूर्वी दादरचे डॉक्टर देवस्थळी आमच्याकडे आले. डोळ्यांचे सर्जन. सत्तरी गाठलेले, कपड्यांना सुरकुती नाही, बोलण्यात एक उकार-इकार चुकायचा नाही. त्यांनी कर्जतकडच्या एका रिसॉर्टच्या बागेतून छत्तीस फुटी बोट विकत घेऊन ट्रेलरवर घालून आणली होती. सोनचाफा. आधी कोण्या गोऱ्या साहेबाची, मग एका संस्थानिकाची, मग बाईंची. बाई म्हणजे कृष्णधवल पडद्यावरची फार मोठी नायिका. नाव लिहीत नाही, कारण त्यांनी लिहू नको म्हणून सांगितलंय; पण ज्यांनी सत्तरी ओलांडली त्यांनी ओळखलं असेल आणि आत्ता ते चष्मा पुसत असतील. डॉक्टर शाळेत असताना बाईंचा फोटो भूगोलाच्या वहीच्या पुठ्ठ्यात लपवून ठेवायचे. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

रिसॉर्टवाल्याने सोनचाफाचा उपयोग लहान मुलांच्या वाढदिवसांसाठी केला होता. आतून फुग्यांचे दोरे निघाले, केकचे पुठ्ठे निघाले, एक प्लास्टिकचा डायनासोर निघाला. त्याचं काही वाटलं नाही. वाईट एवढंच की दहा-बारा वर्षं तळात पावसाचं पाणी साचलेलं होतं. लोकांना वाटतं समुद्राचं पाणी बोटीला खातं. उलट आहे. खारं पाणी लाकडाला लोणच्यासारखं टिकवतं. कुजवतं ते गोडं पाणी.

पहिल्याच दिवशी मी डॉक्टरांना म्हटलं, "नाळ तुटलीय, ती नवीन घालावी लागेल."

डॉक्टर दचकले. "नाळ? कोणाची?"

"बोटीची. ही पुढची, पाणी कापते ती. तिला आम्ही नाळ म्हणतो."

"अच्छा अच्छा," ते म्हणाले, पण चेहरा पडला. एवढा शिकलेला माणूस, लाकडाच्या तुकड्याने विकेट काढली. गुणाजी हसला ते त्यांनी पाहिलं. मला वाटतं त्याच क्षणी त्यांनी ठरवलं असणार की यापुढे या लोकांना शब्दाचा अर्थ विचारायचा नाही.

त्यामुळे पाच मिनिटांनी मी जेव्हा म्हटलं, "बाकी काळजी नको डॉक्टर. खाली पठाण आहे ना, तो बाईंच्या वेळेपासून तोच आहे. सगळी बोट त्याच्या पाठीवर," तेव्हा डॉक्टरांनी फक्त मान हलवली. "बाईंच्या वेळेपासून!" एवढंच म्हणाले आणि गाडीत बसून गेले.

आता वाचकहो, बोटीच्या कण्याला, म्हणजे तळाशी नाळेपासून सुकाणूपर्यंत जाणाऱ्या त्या जाड लाकडाला, आमच्या कोकणातले बोटी बांधणारे पठाण म्हणतात. का म्हणतात ते माझ्या आज्यालाही माहीत नव्हतं. तो मालवणला गलबतं बांधायचा. आम्ही हा शब्द मीठ-मिरची म्हणावं तसा म्हणतो. मला काय स्वप्न पडलं होतं, की दादरच्या माणसाला तो वेगळाच दिसेल?

आठ दिवसांनी डॉक्टर आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन. बोटीच्या तळाकडे आदराने बघत म्हणाले, "मेस्त्री, त्या पठाणाचं नाव काय होतं हो?"

गुणाजीच्या हातातली हातोडी खाली पडली. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इथे, याच ठिकाणी, मी "अहो डॉक्टर, पठाण म्हणजे लाकूड" असं म्हणायला हवं होतं. पाच शब्द. पण डॉक्टरांचे डोळे असे चमकत होते, भूगोलाच्या वहीतून वर बघितल्यासारखे, आणि माझ्या तोंडात त्यांचाच पेढा होता.

"गुलमीर खान," मी म्हटलं.

एकदा नाव दिलं की माणूस आपोआप वाढतो. गुलमीर खान पहिल्या दिवशी सहा फूट होता, महिनाअखेरीस पावणेसात झाला. बाईंचा अंगरक्षक. बोटीच्या तळाशी आडवा झोपायचा. न्याहारीला डझनभर अंडी. एकदा घारापुरीजवळ तुफान झालं, फळी उसवली, तेव्हा खानाने भोकाला स्वतःची पाठ लावली आणि भाऊच्या धक्क्यापर्यंत तसाच बसून आला. डॉक्टरांनी विचारलं, "काही पुरावा आहे?" शिकलेल्या माणसांची ही एक वाईट खोड. मी तळाला टॉर्च मारला. मधोमध, बोट उलटू नये म्हणून तळाखाली लावलेलं शिशाचं वजन धरून ठेवणाऱ्या लोखंडी बोल्टांभोवती, दोन-अडीच फुटांचा काळा डाग होता.

"हा काय. त्याच्या पाठीचा. खोबरेल लावायचा अंगाला."

डॉक्टर गुडघ्यांवर बसले. अक्षरशः. डागाला बोट लावलं आणि म्हणाले, "मेस्त्री, या जागेला हत्यार लावायचं नाही. जसं आहे तसं ठेवायचं. वर काच बसवा. आत एक छोटा दिवा."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. गंजक्या लोखंडाभोवती लाकूड काळं पडतं ते उगीच नाही, आतून जातं. आमच्या धंद्यात शिकाऊ माणसालासुद्धा पहिल्या आठवड्यात हे सांगतात. मीच सांगतो! पण मी आपल्याच थापेवर इतका खूश होतो, की माझ्या तोंडून निघालेलं माझ्याच कानांनी खरं मानलं. त्या डागाला मी लाकूड तपासायचा टोच्यासुद्धा मारून बघितला नाही. त्यावर काच बसवली. दिवा लावला. गुणाजी म्हणाला, "अगरबत्ती ऱ्हवली."

सात-आठ महिन्यांत सोनचाफा अशी उजळली की दारूखान्यातले भंगारवाले येऊन तिच्यासमोर सेल्फी काढायचे. डॉक्टरांनी एक पुस्तिका छापून घेतली, गुळगुळीत कागदावर. पहिलं पान साहेबाचं, दुसरं संस्थानिकाचं, आणि पुढची नऊ पानं गुलमीर खानाची. एक प्रत बाईंना पाठवली. बाई पंच्याऐंशीच्या घरात, गिरगावात भाचीकडे असायच्या. त्यांचा निरोप आला, की बोट पाण्यात जाईल त्या दिवशी येते, आणि एक फेरी मारते.

डॉक्टर त्या दिवशी आमच्या यार्डात चक्क शीळ घालत फिरले.

बोट पाण्यात जायला बारा दिवस उरले असताना मी शेवटचे बोल्ट आवळत होतो. मधला बोल्ट फिरतच राहिला. आवळेचना. मी काच काढली, टोच्या घेतला आणि काळ्या डागावर हलकेच टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला. श्रीखंडात चमचा जावा तसा.

तळाला अडीच टन शिसं, आणि ते धरणारं लाकूड श्रीखंड! पाण्यात नीट उभी राहील बोट, दिसेल छान, आणि वारा भरला की ते शिसं कधी गळून पडेल सांगता यायचं नाही. ते गेलं की बोट आडवी, आणि तिच्यात पंच्याऐंशी वर्षांच्या बाई.

गुणाजीने टोच्या बाहेर काढून वास घेतला. "मेस्त्री, तुजो पठाण कुसलो."

"दिसतंय मला."

"आता सांग डॉक्टराक."

सरळ सांगेल तो मेस्त्री कसला. मी आधी पळवाट काढली. डॉक्टरांना फोन करून आवाज खोल केला आणि म्हटलं, "डॉक्टर, काल गुलमीर खान स्वप्नात आला. म्हणाला, मला आता मोकळं करा, माझी जागा बदला."

डॉक्टर पलीकडून म्हणाले, "मेस्त्री, मी विज्ञाननिष्ठ माणूस आहे. पण हे पुढच्या आवृत्तीत घेतो."

दुसऱ्या दिवशी मी दादरला त्यांच्या दवाखान्यात गेलो. बाहेर डोळ्यांत थेंब घालून मिटून बसलेली दहा-बारा माणसं, त्यांतल्या एकाने मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, "पठाणवाले मेस्त्री काय?" डॉक्टरांनी पेशंटांनासुद्धा ऐकवलं होतं. आत गेलो आणि एका दमात सगळं सांगितलं. पठाण म्हणजे कणा, खान माझ्या डोक्यातला, डाग गंजाचा.

डॉक्टर शांतपणे हसले. "मेस्त्री, तुम्ही थकला आहात. काम वेळेत झालं नसेल तर तसं सांगा. त्या माणसाला खोटं कशाला पाडता?"

साठ वर्षांच्या आयुष्यात मी पहिल्यांदा सलग पाच मिनिटं खरं बोललो, आणि समोरच्याने विश्वास ठेवला नाही. माझ्यावर असा प्रसंग आला असं ऐकून माझी बायको इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

शेवटी मी हात जोडले. "डॉक्टर, माझं नका ऐकू. एकदा चला, आणि तुमच्या हाताने बघा."

संध्याकाळी पाचला ते आले. मी टोच्या त्यांच्या हातात दिला. माणसाच्या डोळ्यात सुई घालणारा हात तो, त्याला काय समजवायचं? आधी त्यांनी टोच्या बाजूच्या चांगल्या लाकडावर टेकवला, दाबला. लाकूड हटलं नाही. मग डागावर. टोच्या गेला, गेला, आणि त्यांचा अंगठा लाकडाला टेकला. त्यांनी तो तसाच धरून ठेवला. मग विचारलं, "आणि पठाण म्हणजे...?"

"हेच लाकूड, डॉक्टर. ज्यात तुमचा टोच्या आहे ते."

ते रंगाच्या डब्यावर बसले. कडक इस्त्रीची पँट, ओला रंग. मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"मी नऊ पानं लिहिली, मेस्त्री," ते म्हणाले. "मी बाईंना पाठवली."

गुणाजीने त्यांच्यापुढे चहा ठेवला. तो त्यांनी प्यायला, कप खाली ठेवला आणि एकदम डॉक्टरी आवाजात म्हणाले, "किती दिवस?"

"सव्वा महिना."

"बाईंना पुढची तारीख कळवतो. आणि आजपासून या बोटीबद्दल तुम्ही माझ्याशी तोंडाने बोलायचं नाही. जे असेल ते लिहून द्यायचं. खाली गुणाजींची सही."

सव्वा महिना मी चिठ्ठ्या लिहिल्या. "शिसं उतरवलं. — खरं आहे, गुणाजी." "कुजका भाग कापला, आठ फूट. — साडेसात, गुणाजी." परळच्या एका पाडलेल्या गिरणीतली सागवानी तुळई मिळाली, शंभर वर्षं मुरलेली, खिळ्यांची भोकं सोडली तर लोखंडासारखी. माझे वडील ज्या छपराखाली उभे राहून राबले तीच ही तुळई, असं मी चिठ्ठीत लिहायला घेतलं. गुणाजीने नुसतं बघितलं. मी चिठ्ठी चुरगाळून खिशात टाकली. वडील दुसऱ्याच गिरणीत होते.

जुन्याला नवं जोडताना सांधा लांब आणि तिरका घ्यावा लागतो, म्हणजे ताण सगळीकडे वाटला जातो. मी तो सांधा चार वेळा तासला. माझ्या हातून असं काम आधी झालं नाही, पुढे होईल असं वाटत नाही, आणि ते कोणाला कधी दिसणारही नाही, कारण ते पाण्याखाली. बोल्ट या वेळी लोखंडाचे नाहीत, काशाचे घातले.

बोट पाण्यात घालायच्या दिवशी नाळेवर नारळ फोडला. बाई पांढऱ्या साडीत, काठी टेकत आल्या. डॉक्टर त्यांच्यासमोर शाळेतल्या मुलासारखे उभे राहिले आणि लगेच माझ्या मागे सरकले. "पुस्तिकेचं तुम्हीच सांगा," ते कुजबुजले. "तुमचा पठाण."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तूच का रे तो मेस्त्री, पुस्तकातला?"

"हो बाई. आणि त्यात जे खानाचं लिहिलंय ना, ते—"

"मला सांगतोस?" बाई म्हणाल्या. "बोट माझी होती. माझ्याकडे कुठला आलाय पठाण! एक ड्रायव्हर होता, तो धक्क्यावरूनच परत फिरायचा, त्याला पाण्याची भीती."

मी खाली मान घातली. मागे डॉक्टरांचा श्वास ऐकू येत होता.

"बोट तरी कसली माझी! निर्मात्याने दिली, फोटोपुरती. फोटो झाले की सगळे पुढे जाऊन पत्ते कुटायचे. मला पोहायला येत नाही. मी आपली खाली बसायची, फळीला धरून, परत कधी फिरतात याची वाट बघत." त्या थांबल्या. "तुझं पुस्तक मी भाचीकडून दोनदा वाचून घेतलं. एवढा दांडगा माणूस खाली पाठ लावून बसलाय म्हटल्यावर मी एकदा तरी वर येऊन समुद्र बघितला असता की रे."

"आता खाली कोण आहे?" बाईंनी विचारलं.

"लाकूड आहे, बाई. साडेसात फूट नवीन. मी बसवलंय. ही थाप नाही."

बाईंनी गुणाजीकडे पाहिलं. गुणाजी बायकांशी बोलायला लाजतो, पण बोलला. "बाई, हो माणूस खोटारडो आसा. पण ह्येचो हात खोटो नाय."

बाईंनी काठी भाचीकडे दिली आणि डॉक्टरांचा हात धरून बोटीवर पाय ठेवला. मला म्हणाल्या, "तू पण चल. तू खाली बस."

आता एक गोष्ट या धंद्यात मी कोणाला कळू दिली नव्हती. मला बोट लागते. धक्क्याला बांधलेली असली तरी लागते. पण बाईंनी सांगितल्यावर काय करता? पाणी उपसायला एक बादली घेतली आणि तळाशी जाऊन बसलो, सांध्यावर हात ठेवून. शीड भरलं, बोट कलली, शिशाचा सगळा भार माझ्या हाताखालच्या लाकडावर आला. ते कुरकुरलंसुद्धा नाही. एक थेंब आत आला नाही.

वरून डॉक्टरांचा आवाज आला, "बाई, बराच वेळ झाला. परत फिरायचं ना?"

"इतक्यात नको," बाई म्हणाल्या. आवाज पार पुढून, नाळेपासून येत होता.

ती फेरी चांगली दीड तास चालली. गुणाजी पंचेचाळीस मिनिटं म्हणतो. तो वर वाऱ्यावर बसला होता, मी खाली होतो. आणि ती बादली (पाण्याने नव्हे) मी किती वेळा भरली? ती वर घेऊन रिकामी करणाऱ्या गुणाजीच्या मोजणीप्रमाणेही, पाच वेळा.